राजापूरच्या मतदाराला कुणी सक्ती केली होती?

ऑक्टोबर २००९ मधल्या विधानसभा निवडणुकीत कणकवली मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३४ मतांनी लागला. भाजपचे प्रमोद जठार निवडून आले, काँग्रेसचे रवींद्र फाटक पडले. कणकवली, देवगड आणि वैभववाडी अशा तीन तालुक्यांचा हा मतदारसंघ. मुंबई–गोवा महामार्गावरून देवगडचा रस्ता जिथे फुटतो ते नांदगाव याच मतदारसंघातले. नांदगाव तिठ्यावरून मुंबईची गाडी धरून पोटापाण्याला गेलेल्या, पण गावच्या मतदार यादीत नाव राखून असलेल्या माणसांची संख्या ३४ हून कितीतरी मोठी असणार, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या वेळी आमदार कोण व्हावा हे मत देणाऱ्यांनी जितके ठरवले तितकेच मत न देणाऱ्यांनीही ठरवले. असा निकाल लागला, किंवा शहरांतल्या मतदानाचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास अडकला, की एक उपाय हटकून पुढे येतो: मतदान सक्तीचे करा, जो येणार नाही त्याला दंड करा. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. लोकशाही मूठभरांच्या हाती जाऊ नये, ही त्यांची चिंता खरी आहे. पण मतदार केंद्रावर कधी येतो आणि कधी पाठ फिरवतो याचा इतिहास या कोकणपट्टीनेच गेल्या सत्तर वर्षांत लिहून ठेवला आहे आणि तो सक्तीच्या बाजूने साक्ष देत नाही. नाते टिकते तेव्हा मतदार येतो. ते तुटते तेव्हा दंडाने त्याची हजेरी लागेल, विश्वास परत येणार नाही.

इतिहासाची सुरुवात १९५७ पासून करावी. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले होते. त्या पार्श्वभूमीवरच्या लोकसभा निवडणुकीत तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याने काँग्रेसला नाकारले. रत्नागिरी मतदारसंघातून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले आणि दक्षिणेकडच्या राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै. आजच्या सिंधुदुर्गातले कणकवली, मालवण, देवगड, वेंगुर्ले, सावंतवाडी हे तालुके या राजापूर मतदारसंघात होते. शेजारशेजारच्या दोन जागांवर एक जनसंघाचा आणि एक समाजवादी, असे दोन टोकांचे खासदार एकाच लाटेत निवडून आले, कारण मतदारासमोरचा प्रश्न पक्षाचा नव्हता, मराठी राज्याचा होता. तो प्रश्न त्याला स्वतःचा वाटत होता. साकव, तरी आणि पाऊलवाटा यांच्या त्या कोकणात मतदान केंद्रापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते आणि मत न देणाऱ्याला कोणताही दंड नव्हता. तरीही राज्यकर्त्या पक्षाला हादरा देण्याइतकी माणसे केंद्रांवर गेली.

नाथ पै वेंगुर्ल्यात जन्मले, बेळगावात वाढले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले आणि लंडनला बॅरिस्टर झाले. १९५७ मध्ये ते पस्तिशीतही नव्हते. पुढे १९६२ आणि १९६७ मध्येही राजापूरने त्यांनाच पाठवले. दिल्लीत सत्ता काँग्रेसची, मुंबईत सत्ता काँग्रेसची. विरोधी बाकावरचा खासदार मतदारसंघात कामे तरी किती आणणार, हा हिशेब या मतदाराने केला नाही. आपला माणूस संसदेत बोलायला उभा राहिला की सभागृह ऐकते, ही जाणीव त्याला पुरेशी वाटली. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक नाथ पैंनी मांडले आणि देशभर त्यावर वाद झाला. त्या विधेयकाशी सहमत असो वा नसो, आपण दिलेल्या मताचे दिल्लीत काय झाले हे राजापूरच्या मतदाराला दिसत होते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पैंचे निधन झाले, तेव्हा ते पन्नाशीही गाठू शकले नव्हते.

दोनच महिन्यांत लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या, पण राजापूरने प्रजा समाजवादी पक्षाच्या मधु दंडवते यांना निवडले. दंडवते मूळचे अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे कोकणाच्या दृष्टीने बाहेरचे. तरीही या मतदारसंघाने त्यांना १९७१ ते १९८९ असे सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले. आणीबाणीत ते बंगळुरूच्या तुरुंगात होते आणि पत्नी प्रमिला दंडवते येरवड्यात. १९७७ मध्ये सुटून आल्यावर ते पुन्हा निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, त्याही लाटेत राजापूर दंडवत्यांच्या मागे राहिले. १९९१ मध्ये मात्र याच मतदाराने त्यांना पाडले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. ज्या कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी आयुष्यभर आग्रह धरला, तिचे महामंडळ १९९० मध्येच स्थापन झाले होते. २६ जानेवारी १९९८ रोजी ती रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि नांदगाव रोड हे स्थानक देशाच्या नकाशावर आले, तेव्हा दंडवते खासदार नव्हते. या पराभवाकडे कृतघ्नता म्हणून पाहण्याची चूक करू नये. चौतीस वर्षे समाजवादी खासदार देणारा मतदार त्यांना बदलूही शकतो, हेच त्याच्या जागरूकतेचे लक्षण आहे. निष्ठा आणि नकार ही दोन्ही त्याने स्वतःच्या मर्जीने वापरली.

सिंधुदुर्गाच्या दक्षिण सीमेपलीकडे याच काळात आणखी एक पुरावा उभा राहिला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला गेला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. सुमारे ८२ टक्के मतदारांनी मत दिले आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले गेले. पाच वर्षांपूर्वीपर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या, मतपेटीची सवय नसलेल्या लोकांनी ही उपस्थिती दाखवली, ती कोणत्याही दंडाविना. काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी बांदोडकरांनाच गोवेकरांनी पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरणाला नकार आणि बांदोडकरांना होकार, असे दोन वेगळे निर्णय या मतदाराने दोन-तीन महिन्यांत शांतपणे घेतले.

देशाचे आकडेही हेच सांगतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झाले. १९६७ मध्ये ते ६१ टक्क्यांवर गेले आणि २०१९ मध्ये ६७ टक्क्यांवर. १९६२ मध्ये पुरुषांचे मतदान ६३ टक्के आणि स्त्रियांचे अवघे ४७ टक्क्यांच्या आसपास होते. २०१९ मध्ये ही सोळा-सतरा टक्क्यांची दरी पूर्ण बुजली आणि स्त्रिया पुरुषांच्या किंचित पुढे गेल्या. शिक्षण, पंचायतीतले आरक्षण, गुप्त मतदानावरचा विश्वास, जवळ आलेली केंद्रे अशा अनेक कारणांनी हे घडले. कायद्याचा बडगा त्यांत कुठेही नव्हता.

मग आज न येणारा मतदार कोण आहे? सगळेच न येणारे राजकारण्यांना विटलेले असतात, हे गृहीतक कोकणात तरी टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली, ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी होती. हजार पुरुषांमागे येथे १,०३६ स्त्रिया, शेजारच्या रत्नागिरीत १,१२२. कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत, पुढे कार्यालयांत आणि सुरक्षारक्षकाच्या नोकरीत मुंबईला, आणि घर, कुळागर, म्हातारी माणसे गावाला, ही शतकभराची रीत या आकड्यांमागे आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पण चाकरमानी मुंबईतच राहिला. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो. निवडणुकीला यायचे तर रजा, तिकीट आणि दोन रात्रींचा प्रवास. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळते, पण मुंबईहून कणकवलीला जाऊन येण्याला एक दिवस पुरत नाही. काही उमेदवार त्याच्यासाठी गाड्या पाठवतात, परंतु मतदाराची फुकट ने-आण करणे हा त्याच कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्टाचार ठरतो. म्हणजे गावाला न येणारा चाकरमानी सक्तीच्या कायद्याने गुन्हेगार ठरेल आणि उमेदवाराच्या फुकट गाडीने आला तर तिथेही कायदाच मोडलेला असेल. मुंबईत नाव नोंदवावे, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. पण ज्याचे घर, जमीन आणि म्हातारपण गावात आहे, त्याला गावच्या कारभारात बोलण्याचा हक्क नको, असे म्हणणे अन्यायाचे आहे. निवडणूक आयोगानेच २०१९ मध्ये ३० कोटींहून अधिक मतदार केंद्रावर पोहोचले नाहीत हे मान्य करून स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव २०२२ च्या अखेरीस मांडला. राजकीय पक्षांचे एकमत न झाल्याने तो पुढे गेला नाही. जो मार्ग राज्यसंस्था उघडू शकली नाही, त्या मार्गाने न आल्याचा दंड मतदाराने का भरावा?

दुसरा मतदार खरोखरच विटलेला आहे आणि त्याच्या उद्वेगाला कारणे आहेत. सिंधुदुर्गाने पक्षांतराचे दोन अगदी वेगळे नमुने पाहिले. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणच्या पोटनिवडणुकीत नव्या चिन्हावर मत मागून ते पुन्हा निवडून आले. राण्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचे काहीही मत असो, मतदाराकडे परत जाण्याची ती रीत योग्य होती. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा राज्यभरातल्या आमदारांनी बाजू बदलल्या. मतदाराला कुणी विचारले नाही आणि पक्ष कुणाचा हे न्यायालय, आयोग आणि विधानसभा अध्यक्ष यांच्या दालनांत ठरत राहिले. गावपातळीवर सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला, २०२२ मध्ये परत आला. मतदाराचा हक्क पाच वर्षांत तीनदा फिरवला गेला, तो सत्तेतल्या पक्षाच्या सोयीने. आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे सिंधुदुर्गासह राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तरी वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. मतदार तयार होता, मतदानच नव्हते.

सक्तीचा विचार आपल्याकडे नवा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या वेळीच ही सूचना आली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्यवहारातल्या अडचणी दाखवून ती बाजूला ठेवली. १९५१ च्या त्या कायद्यात निवडणूकविषयक हक्काची व्याख्या करताना मत देण्याबरोबर मत न देण्याचाही उल्लेख आहे. पुढे गुजरातने स्थानिक संस्थांसाठी सक्तीचे विधेयक २००९ मध्ये मंजूर केले. राज्यपालांनी ते परत पाठवले, २०११ मध्ये ते पुन्हा मंजूर झाले, २०१४ मध्ये त्याला संमती मिळाली आणि १०० रुपये दंडाचे नियम झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्ती नको अशी शिफारस केली होती. अडचण किती मोठी आहे हे एका वजाबाकीने कळते: २०२४ मध्ये सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी ६४ कोटींनी मत दिले. उरलेल्या ३२-३३ कोटी माणसांना नोटिसा, त्यांची कारणे, त्यांच्या सुनावण्या! खालच्या न्यायालयांत आधीच चार कोटींहून अधिक खटले तुंबले असताना हे कोण करणार? आणि करणारी यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत कुणावर दंड लावायचा आणि कुणाला सोडायचे हे ठरवणार असेल, तर गरिबाला धाकात ठेवण्याचे आणखी एक हत्यार तिच्या हाती जाईल.

सक्तीचे समर्थक ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवतात आणि तो दाखला हलका नाही. तिथे १९२२ च्या निवडणुकीत मतदान साठ टक्क्यांच्या खाली घसरले, १९२४ मध्ये सक्ती आली आणि १९२५ मध्ये मतदान ९१ टक्क्यांवर गेले. आजही तिथे २० डॉलरच्या दंडावर व्यवस्था सुरळीत चालते. पण ऑस्ट्रेलियात दंडाच्या आधी सोय आहे. मतदान शनिवारी होते, टपालाने आणि आगाऊ मत देता येते, दूरच्या वस्त्यांवर फिरती केंद्रे जातात, दुसऱ्या राज्यात असलेल्या मतदारालाही तिथूनच मत देता येते. सिडनीत काम करणारा पर्थचा माणूस जे करू शकतो, ते परळमध्ये काम करणारा नांदगावचा माणूस करू शकत नाही. चिलीचा अनुभव याहून बोलका आहे. त्या देशाने २०१२ मध्ये सक्ती उठवली आणि २०१६ च्या स्थानिक निवडणुकीत मतदान ३५ टक्क्यांपर्यंत कोसळले. २०२२ मध्ये सक्ती परत आली आणि सार्वमताला ८५ टक्क्यांहून अधिक लोक आले. सक्तीने माणसे येतात, हे यावरून मान्य केलेच पाहिजे. पण मे २०२३ मध्ये घटना परिषदेसाठी झालेल्या मतदानात पाचातली एक मतपत्रिका कोरी किंवा बाद निघाली. लोक आले, आणि त्यांचा उबगही त्यांच्याबरोबर आला.

कर भरणे सक्तीचे आहे, मग मत देणे का नको, हा आक्षेप विचार करायला लावणारा आहे. कराची रक्कम कुणी कुठल्या मनाने भरली यावर तिची किंमत ठरत नाही. मताची किंमत मात्र ते स्वेच्छेने दिलेले असण्यातच आहे. नागरिकाचे देशाला देणे आहे हे मी मानतो. पण ते देणे विचार करून ठरवण्याचे आहे आणि विचार दंडाने घडत नाही. दुसरा आक्षेप समतेचा: सक्ती नसली की गरीब घरी राहतात आणि धनिकांचे राज्य येते. युरोप–अमेरिकेत हे बऱ्याच अंशी खरे आहे, महाराष्ट्रात नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सरासरी ६६ टक्के मतदान झाले, तेव्हा मुंबईतल्या कुलाब्यात ते ४४ टक्क्यांच्या आसपास होते. आपल्याकडे गरीब रांगेत उभा असतो. शिवाय १०० रुपयांचा दंड कुलाब्याच्या रहिवाशाला जाणवणार नाही आणि रोजंदारीवरच्या मजुराच्या पोटातून जाईल. तिसरा आक्षेप असा की ‘नोटा’चा पर्याय आहे, मग सक्तीने कुणाचे काय बिघडते? सप्टेंबर २०१३ च्या न्यायालयीन निकालाने हा पर्याय मिळाला, हे चांगलेच झाले. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७ हजारांहून अधिक मते पडून ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली, इतका लोकांनी तो मनापासून वापरला. पण विधानसभा–लोकसभेत ‘नोटा’ पहिली आली तरी तिच्यानंतरचा उमेदवारच विजयी होतो. ज्या नकाराचा परिणाम शून्य, तो नोंदवायला माणसाला दंडाच्या धाकाने बोलावणे म्हणजे त्याच्या उद्वेगाची थट्टा आहे.

कुणी म्हणेल, नाथ पै आणि दंडवते पुन्हा मिळत नाहीत. मोठ्या माणसांची वाट पाहत लोकशाही चालवायची का? नाही, आणि म्हणूनच प्रश्न माणसांचा न ठेवता नियमांचा करायला हवा. त्या काळी प्रतिनिधी मतदाराला उत्तरदायी राहिला तो बराचसा स्वतःच्या स्वभावाने. आज ते उत्तरदायित्व कायद्याने बांधावे लागेल. म्हणजे सक्ती हवीच, पण ती सत्तेवर. स्थानिक संस्थांची निवडणूक मुदत संपण्याआधी घेण्याचे बंधन घटनेतच आहे, ते मोडणाऱ्यावर परिणाम हवेत. पक्ष बदलणाऱ्याने राजीनामा देऊन मतदाराकडे परत जाण्याची सक्ती हवी. मालवणने २००५ मध्ये दाखवले की हे अशक्य नाही. घरापासून दूर राबणाऱ्याला जिथे आहे तिथून गावासाठी मत देता येईल, ही सोय उभी करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकावी. आणि ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक व्हावी. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी हे तत्त्व मान्य केले आहे, ते विधानसभेला लागू करायला घाबरण्याचे कारण नाही.

हे सगळे करूनही काही मतदार घरीच राहतील. त्यांना समजावण्याचे काम पक्षांचे, शाळांचे, वृत्तपत्रांचे आणि तुमचे-माझे आहे, पोलिसांचे नाही. न आलेला मतदार हा राज्यकर्त्यांना मिळालेला इशारा असतो. दंड लावून त्याला केंद्रावर आणले की तो इशारा नाहीसा होतो आणि नव्वद टक्क्यांचा आकडा हाती धरून प्रत्येक सरकार आपण लोकप्रिय असल्याचा दाखला मिरवते. राजापूरच्या मतदाराने चौतीस वर्षे, प्रसंगी लाटेच्या विरोधातही, समाजवादी खासदार दिला आणि वेळ आली तेव्हा आपल्याच लाडक्या खासदाराला घरी पाठवले. त्याला ना दंडाची भीती होती ना सक्तीचा कायदा. आपल्या मताने काहीतरी ठरते, एवढा विश्वास त्याच्याजवळ होता. तो विश्वास परत मिळवणे हे निवडून येणाऱ्यांचे काम आहे आणि त्याचा दंड मतदाराकडून वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.